ऊब, अंश आणि ‘ईस्ट इंडिया हाऊस’: स्लिपर ऑर्किडच्या तापमानाचा इतिहास आणि मणिबेली

१

एखाद्या झाडाला किती ऊब लागते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ माळीकामाचा आहे. त्याचे उत्तर रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर दोन आकड्यांत मिळते: दिवसा इतके अंश, रात्री इतके अंश. आम्ही मराठीचे अध्यापक. या आकड्यांशी आमचा संबंध इतकाच, की कोणताही आकडा हा मुळात कोणीतरी केलेल्या वाचनाचा सारांश असतो, आणि वाचन म्हटले की ते कोणी केले, कोठे बसून केले आणि त्यात काय गाळले, हे विचारण्याची आम्हांस सवय आहे. प्रस्तुत निबंधात आम्ही हीच सवय एका लहानशा विषयाला लावून पाहणार आहोत. विषय आहे घरात वाढवल्या जाणाऱ्या स्लिपर ऑर्किडच्या तापमानाचा. मात्र हा इतिहास अखेरीस आम्हांला नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला, नर्मदेच्या काठी असलेल्या मणिबेलीपर्यंत घेऊन जातो. तो तेथपर्यंत का जातो, हे सांगणे हाच या लेखनाचा हेतू आहे.

मराठीत तापमानाला शब्दांचा तोटा नाही. ऊब, उष्मा, उकाडा, धग, झळ, काहिली. दुसरीकडे गारवा, गारठा, काकडा, हुडहुडी. यांतला प्रत्येक शब्द केवळ उष्णतेचे प्रमाण सांगत नाही. ती उष्णता कोठून येते, दमट आहे की कोरडी, अंगावर येते की अंगाला बिलगते, हेही सांगतो. उकाडा आणि काहिली यांचा पारा एकच असू शकेल, पण मुंबईचा उकाडा म्हणजे खानदेशची काहिली नव्हे. आकड्यात हा भेद मावत नाही. स्लिपर ऑर्किडच्या इतिहासातील बहुतेक अनर्थ या न मावलेल्या भेदातून घडले, असे आमचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम या वनस्पतीची ओळख. ऑर्किडला मराठीत ‘आमरी’ हा प्रतिशब्द आहे. ‘सीतेची वेणी’ यासारखी सुंदर लोकनावेही आपल्याकडे काही जातींना मिळाली आहेत. स्लिपर ऑर्किडला मात्र रुळलेले मराठी नाव नाही, आणि त्याचे कारण सरळ आहे: ती महाराष्ट्राच्या रानात उगवतच नाही. या फुलाची एक पाकळी पुढून बंद असलेल्या सपातेसारखी, पिशवीच्या आकाराची असते. कीटक तीत घसरतो आणि मागच्या अरुंद वाटेने परागकण अंगावर घेऊन बाहेर पडतो. लिनियसने १७५३ साली या गटाला सायप्रिपीडियम हे नाव दिले. युरोपातील बर्फाळ प्रदेशात वाढणारी आणि हिवाळ्यात जमिनीखाली झोपी जाणारी जात त्याच्यासमोर होती. पुढे आशियातून आलेल्या, सदाहरित पानांच्या जातीही याच नावाखाली गेल्या. त्यांना वेगळे काढून पॅफियोपीडिलम हे नाव देण्याचे काम फिट्झरने १८८६ साली केले. म्हणजे साठसत्तर वर्षे एकाच नावाखाली हिमप्रदेशातील झाड आणि मोसमी पावसाच्या डोंगरातील झाड नांदत होते. तापमानाविषयीच्या गोंधळाला नावापासूनच सुरुवात झाली होती.

भारतातील पॅफियोपीडिलमच्या जाती दोन टोकांना आहेत. इन्सिग्ने, व्हीनस्टम, व्हिलोसम, हिर्सुटिसिमम, स्पायसरियानम, फेअरियानम या ईशान्येकडील आणि पूर्व हिमालयातील. आणि एकटी ड्रुराय ही जात दक्षिणेच्या टोकाला, अगस्त्यमलेच्या डोंगरात. मधला सारा प्रदेश, त्यात सह्याद्रीचा महाराष्ट्रातील भाग आणि सातपुडाही आला, रिकामा आहे. ड्रुरायची हकिगत विशेष आहे. कर्नल हेबर ड्रुरी यांना ती १८६५ साली त्रावणकोरच्या डोंगरात आढळली आणि बेडोम यांनी १८७४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर रानात ती जवळजवळ शतकभर कोणाला दिसल्याची नोंद नव्हती. १९७० च्या दशकात ती पुन्हा सापडली. समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे ते पंधराशे मीटर उंचीवर, गवताळ, खडकाळ, वाऱ्याच्या उतारावर ती वाढते. अक्षांश पाहिला तर ती विषुववृत्तापासून जेमतेम साडेआठ अंशांवर; उंची पाहिली तर खालच्या किनाऱ्यापेक्षा नऊ-दहा अंश सेल्सिअसने थंड हवेत. नकाशावर बोट ठेवून ‘उष्ण प्रदेशातील झाड’ म्हणणाऱ्याला ती सहज चकवते.

३

अशीच चकवाचकवी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या प्रमाणावर घडली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच यांनी सिल्हेटच्या उत्तरेकडील डोंगरांतून आलेल्या वनस्पती इंग्लंडला पाठवल्या. त्यांतील व्हीनस्टम या जातीचे वर्णन १८२० साली आणि इन्सिग्नेचे वर्णन जॉन लिंडले यांनी १८२१ साली प्रसिद्ध केले. आशियातील स्लिपर ऑर्किडचा युरोपातील घरप्रवेश तो हाच.

हे ‘घर’ कसले होते? त्याला इंग्रजीत स्टोव्ह म्हणत, म्हणजे भट्टीच. भिंतींतून धुराचे नळ फिरवलेले, खाली कातडी कमावण्यासाठी वापरून झालेल्या झाडाच्या सालीचा कुजून तापणारा थर, वर काच, दारे-झरोके घट्ट बंद आणि सतत पाण्याचा शिडकावा. हिंदुस्थानातून आलेले झाड म्हणजे जंगलातील, जंगल म्हणजे दमट आणि हिंदुस्थान म्हणजे उष्ण. तेव्हा दमट उष्णता जितकी अधिक तितके झाड सुखी, असा हा तर्क होता. १८३० साली खुद्द लिंडले यांनी हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात या तर्काला विद्वत्तेचे पाठबळ दिले. ऑर्किडशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाचा शब्द तो. माळ्यांनी तो प्रमाण मानला. त्यानंतरच्या वर्षांत हजारोंनी आलेली ऑर्किडे हजारोंनी मेली. मेलेल्या झाडाच्या जागी नवे मागवणे श्रीमंतांना शक्य होते, म्हणून पद्धत बदलण्याची निकड कोणालाच भासली नाही. डोंगर मात्र ओरबाडले जात राहिले.

या व्यवस्थेने एक शब्दप्रयोग मागे ठेवला आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यापाशी क्षणभर थांबावे. ऑर्किडगृहांची उष्णतेनुसार विभागणी होऊ लागली तेव्हा सर्वांत तप्त गृहाला ‘ईस्ट इंडिया हाऊस’ असे नाव पडले. मध्यम गृहाला मेक्सिकोचे किंवा कॅटलियाचे, आणि तिसरे नुसतेच थंड गृह. लंडनमध्ये लेडनहॉल रस्त्यावरील कंपनी सरकारच्या मुख्य कचेरीचे नावही ईस्ट इंडिया हाऊसच होते. एका घरातून हिंदुस्थानचा महसूल मोजला जाई, दुसऱ्यात हिंदुस्थानची हवा बनवली जाई. आणि विनोद असा, की इन्सिग्ने ही जात हिंदुस्थानचीच असूनही या तप्त घरात सुखी नव्हती. पुढे ती थंड गृहातील सर्वांत काटक झाड म्हणून प्रसिद्धीस आली. नाव देणाऱ्याच्या मनात एक देश होता. झाडाला देश नव्हता. त्याला एक उंची होती, एक उतार होता आणि एक हिवाळा होता.

४

चूक सुधारली ती पुस्तकी विद्वानांकडून नव्हे. सुरुवात प्रत्यक्ष झाडांत राबणाऱ्यांनी केली. वेंटवर्थ येथे अर्ल फिट्झविल्यम यांच्या पदरी असलेले माळी जोसेफ कूपर यांनी झरोके उघडून, उष्णता कमी करून ऑर्किडे वाढवली आणि ती फोफावली. चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन यांनी निरनिराळ्या तापमानाची स्वतंत्र गृहे उभारली. त्यांनीच पाठवलेले तरुण माळी जॉन गिब्सन १८३५ ते १८३७ या काळात खासी टेकड्यांत हिंडून परतले. त्यांच्यासोबत झाडे होतीच. पण ती जेथे वाढत होती तेथली हवा स्वतः श्वासात घेतलेला माणूसही परत आला होता.

१८५० साली जोसेफ हूकर आणि टॉमस टॉमसन खासी टेकड्यांत होते. हूकर यांच्या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या हिमालयाच्या प्रवासवर्णनात निळ्या वांडाविषयीचा भाग आहे. खुज्या ओकांच्या विरळ राईत, उघड्या गवताळ टेकडीवर, उन्हात, वाऱ्यात, हिवाळ्याच्या गारठ्यात आणि शरदाच्या कोरड्या हवेत हे झाड आनंदाने फुललेले त्यांनी पाहिले. इंग्लंडमधील कोंडलेल्या, वाफाळलेल्या काचघरांत त्याला ज्या अवस्थेत ठेवले जाते तिच्याशी या दृश्याचा काहीच मेळ नाही, असे त्यांनी नमूद केले. त्याच वर्णनात आणखी एक गोष्ट आहे. स्वतः हूकर यांनी सात माणसांच्या ओझ्याइतकी ही झाडे गोळा करून पाठवली आणि त्यांतली फारच थोडी जगली. झाड काय मागते हे ज्याला कळले, त्याच्याच हातून ते झाड मुळासकट निघाले. ज्ञान आणि लूट एकाच हमालाच्या पाठीवरून डोंगर उतरत होती. त्या हमालाचे नाव मात्र कोठे नोंदलेले नाही. कोणत्या उतारावर कोणते झाड, कोणत्या महिन्यात फुलते आणि थंडीत तेथे दव पडते की हिम, हे त्याला ठाऊक असणार. ते विचारावे असे त्या काळच्या ज्ञानव्यवहारात बसत नव्हते.

न विचारण्याची किंमत काय असते हे फेअरियानमच्या हकिगतीवरून दिसते. १८५७ साली लंडनच्या लिलावात आसामातून आलेल्या झाडांबरोबर ही चिमुकली, जांभळ्या रेषांची जात अवतरली. लिव्हरपूलच्या फेअरी यांच्या नावावरून तिचे नामकरण झाले. पण ती नेमक्या कोणत्या डोंगरातून, किती उंचीवरून आली याची नोंद नव्हती. काचघरांतील झाडे हळूहळू मेली आणि नवी कोठून आणावीत हे कोणालाच सांगता येईना. ‘हरवलेले ऑर्किड’ म्हणून ती गाजली. सँडर या व्यापाऱ्याने तिच्या शोधासाठी १,००० पौंडांचे बक्षीस लावले. १९०५ च्या सुमारास भूतानच्या बाजूच्या डोंगरांत ती पुन्हा सापडली. जेथे ती वाढत होती तेथे ती अर्थातच हरवलेली नव्हती. हरवला होता तिचा पत्ता, आणि पत्त्याबरोबर तिची हवा.

१८६० च्या दशकात जेम्स बेटमन यांनी थंड हवेत ऑर्किडे वाढवण्याची पद्धत व्याख्यानांतून आणि १८६४ च्या पुस्तिकेतून लोकांपुढे मांडली. तोवर इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला होता, गरम पाण्याच्या नळांनी धुराच्या नळांची जागा घेतली होती आणि डॉ. वॉर्ड यांच्या बंद काचपेटीमुळे जहाजावरचा प्रवासही झाडांना सोसू लागला होता. ऑर्किड सरदारांच्या वाड्यातून मध्यमवर्गीयांच्या घरात आले ते या टप्प्यावर, आणि खिडकीत ठेवता येईल असे पहिले ऑर्किड ठरण्याचा मान बऱ्याच अंशी इन्सिग्नेकडे जातो. स्लिपर ऑर्किडच्या संकराचा पहिला प्रयोगही याच काळातला. व्हीच यांच्या रोपवाटिकेतील जॉन डॉमिनी यांनी बार्बेटम आणि व्हिलोसम यांच्यापासून निर्माण केलेला हॅरिसियानम हा संकर १८६९ साली फुलला. संकरित झाडे दोन हवांचा वारसा घेऊन आली, म्हणून ती अधिक सोशिक निघाली. आज घरोघरी दिसणारी बहुतेक स्लिपर ऑर्किडे या संकरांच्याच वंशातली आहेत.

५

आता आजचे आकडे. सामान्यतः दोन गट सांगितले जातात. ठिपकेदार पानांच्या जाती उबदार हवेतल्या. त्यांना रात्री १६ ते १८ आणि दिवसा २४ ते २९ अंश सेल्सिअस मानवतात. साध्या हिरव्या, अरुंद पानांच्या जाती थंड हवेतल्या. त्यांना रात्री १० ते १५ आणि दिवसा २४ ते २७ अंश. नियम सोपा आहे, म्हणूनच त्याला अपवाद आहेत. व्हीनस्टमची पाने ठिपकेदार असली तरी ती डोंगराळ आहे आणि चांगली थंडी सोसते. पानावरून हवा वाचता येते, पण प्रत्येक पानावरून नव्हे.

या आकड्यांत महत्त्वाचा असतो तो त्यांच्यातील फरक. दिवसाचे तापमान थोडे इकडेतिकडे झाले तर झाड सांभाळून घेते; रात्र मात्र दिवसापेक्षा स्पष्टपणे थंड हवी. दिवसा पानाने तयार केलेले अन्न रात्री श्वसनात खर्च होते, आणि रात्र जितकी उबदार तितका तो खर्च अधिक. इन्सिग्नेसारख्या जातीत कळी धरण्यासाठी शरदाच्या सुमारास रात्री १३ अंशांच्या आसपास उतरणे लागते. ते झाले नाही तर झाड वर्षानुवर्षे नुसती पाने काढत बसते. शिवाय अनेक ऑर्किडांना असतात तसे पाणी साठवणारे फुगीर खोड या गटाला नसते. उन्हाळ्यात मुळे कोरडी पडली तर तहान भागवण्यास त्यांच्याकडे साठा नाही. आणि सतत ओली राहिली तर ती कुजतात.

आपल्याकडील घरांत याचा अर्थ काय होतो? मुंबईत मे महिन्यातील रात्रही २७ अंशांच्या आसपास रेंगाळते आणि जानेवारीत पारा सहसा १६-१७ च्या फार खाली जात नाही. तेथे ठिपकेदार पानांच्या जाती आणि त्यांचे संकर जगतील, फुलतीलही. इन्सिग्नेने फुलावे ही अपेक्षा व्यर्थ. पुणे आणि नाशिक येथे हिवाळ्यातील रात्री अगदी खासी टेकड्यांना शोभतील अशा असतात. तेथे संकट आहे ते एप्रिल-मे मधील दुपारचे. उन्हाळ्यात पूर्वेची खिडकी, मातीची कुंडी, भोवती ओले गोणपाट, हे जुने उपाय तेथे कामी येतात, कारण हवा कोरडी असते आणि पाण्याचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता खेचून घेते. हाच उपाय मुंबईत निष्फळ ठरतो. आधीच ओलाव्याने भरलेल्या हवेत गोणपाट वाळतच नाही, मग ते थंड तरी काय करणार? वातानुकूलन यंत्राने आकडा साधतो, पण हवेतील ओल निघून जाते. पुन्हा तेच: अंश जुळले, हवा जुळली नाही.

खानदेशची कथा याहून कठीण. नंदुरबारच्या सपाटीवर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथील जुन्या धाब्याच्या घरांनी, म्हणजे जाड मातीच्या छतांच्या घरांनी, या काहिलीवर आपले उत्तर शोधले होते. माती दुपारची उष्णता आत येऊ देण्यास वेळ लावते आणि रात्री ती सावकाश सोडते. माणसाला हे सोयीचे आहे. स्लिपर ऑर्किडला मात्र नाही, कारण तिला रात्रीची घसरण हवी असते आणि धाब्याचे घर नेमकी तीच घसरण सौम्य करते. एकाच घरात दोन जीवांच्या उबेची व्याख्या अशी वेगळी होते.

६

येथवर आलेल्या वाचकाला प्रश्न पडेल, की ज्या मणिबेलीत ही वनस्पती कधीच नव्हती, तिचा या इतिहासाशी संबंध काय? आमच्या मते संबंध दोन पदरी आहे.

पहिला पदर ऑर्किडांचाच. सातपुड्याच्या पानगळीच्या रानाला स्वतःच्या आमऱ्या आहेत. त्यांतली वांडा टेसेलाटा ही भारताच्या कोरड्या जंगलांतील परिचित जात झाडांच्या खोडांवर उघड्या उन्हात वाढते. तिच्या वंशनामाचा इतिहास ‘ईस्ट इंडिया हाऊस’च्या अगदी उलट आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतातील ‘वन्दा’ हे नाव जसेच्या तसे ठेवले. त्यांचे ते टिपण १७९५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी तेच नाव शास्त्रात रुजवले. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राने स्थानिक शब्द विचारून घेतल्याची ही एक जुनी खूण. पश्चिम भारतातही असे विचारणारे लोक होते. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ साली पुण्याजवळ दापोडीस सरकारी वनस्पती उद्यान निघाले. तेथील अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी डाल्झेल यांच्यासह ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ साली सिद्ध केला. शतकभराने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव आणि कापडिया यांनी ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ १९६६ साली दिला. या परंपरेत आमरीची नोंद तिच्या आधारवृक्षासह आणि स्थळासह होते. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडचे घर म्हणजे ते झाड. झाड पडले की घर पडले. तिला तुमचे माझे घर लागत नाही, आणि तिच्यासाठी कोणी बक्षीसही लावत नाही.

दुसरा पदर मणिबेलीचा स्वतःचा. अक्कलकुवा तालुक्यातील हे आदिवासी गाव सरदार सरोवराच्या बुडितात येणाऱ्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी धरणाच्या सर्वांत जवळचे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ साली आला. १९९१ पासूनच्या पावसाळ्यांत मणिबेलीत नर्मदा बचाव आंदोलनाचे सत्याग्रह झाले आणि १९९३ पासून गावातील घरे पाण्याखाली जाऊ लागली. काठावरचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले. त्याचे नवे मंदिर गोरा येथे बांधले गेले. काही कुटुंबांचे गुजरातमधील परवेटा येथे पुनर्वसन झाले, तर काही डोंगराच्या वरच्या अंगाला राहिली. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मधील अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत पुरेसा अभ्यास न करताच प्रकल्प पुढे नेल्याचे दाखवून दिले. मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज रद्द झाले. १९९४ साली जगभरच्या ४४ देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने कर्ज देणे थांबवावे, असे निवेदन काढले. त्याला नाव मिळाले ‘मणिबेली जाहीरनामा’. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली. धरण १३८.६८ मीटरपर्यंत उंचावले आणि २०१९ च्या सप्टेंबरात प्रथमच काठोकाठ भरले.

हे सारे वाचकांना ठाऊक आहे. आम्हांला त्यातील एका तपशिलाकडे लक्ष वेधायचे आहे. सरदार सरोवराच्या बुडितातील सुमारे साडेसदतीस हजार हेक्टरांपैकी सुमारे साडेतेरा हजार हेक्टर वनजमीन होती. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बुडितापैकी तर सुमारे साडेसहा हजार हेक्टर, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक, रान होते. १९८७ साली पर्यावरण मंत्रालयाने मंजुरी दिली ती अटींवर. जे अभ्यास आधी व्हायला हवे होते ते बांधकामाबरोबर पुरे करावेत, असे ठरले. बुडालेल्या वनाच्या बदल्यात पर्यायी वनीकरण करायचे होते. गुजरातच्या हिश्शातील या वनीकरणासाठी मोठी जमीन निवडली गेली ती कच्छमध्ये.

नर्मदेच्या खोऱ्यातील सागाच्या, मोहाच्या, बांबूच्या पानगळीच्या रानाच्या बदल्यात कच्छच्या रखरखीत जमिनीवर तितकीच किंवा अधिक हेक्टरे! हिशोब चुकलेला नाही. हेक्टरास हेक्टर मिळाले आहे. पण हे वाचताना आम्हांला लिंडले यांच्या भट्टीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेथे ‘हिंदुस्थान’ या एका शब्दाखाली खासीचा गारठा आणि मद्रासचा उकाडा एकत्र केला गेला. येथे ‘वन’ या एका शब्दाखाली नर्मदेचा काठ आणि कच्छचे माळ एकत्र आले. तेथे पारा मोजला गेला, येथे क्षेत्रफळ. दोन्हीकडे आकडा खरा होता आणि जागा खोटी. दोन्हीकडे उचलण्याचा निर्णय आधी झाला आणि गरज काय हा प्रश्न मागाहून विचारला गेला.

७

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विस्थापितांविषयी लिहिताना ‘मुळे उपटली’ ही प्रतिमा आपल्या लेखनात सरसकट येते, आणि प्रस्तुत निबंधही त्याच वाटेने चालला आहे असा समज होणे शक्य आहे. तसे नाही. माणसे म्हणजे झाडे नव्हेत. झाडाची गरज पुरेशा निरीक्षणानंतर दोन आकड्यांत, निदान दोन परिच्छेदांत लिहिता येते. माणसाची येत नाही, आणि त्याला ती स्वतः बोलून सांगता येते. खासी टेकडीवरील ऑर्किडने तक्रार केली नाही म्हणून लिंडले यांना निदान अज्ञानाचा फायदा देता येईल. मणिबेलीतील माणसे मात्र पाण्यात उभी राहून बोलत होती. प्रतिमेच्या सोयीसाठी त्यांना पुन्हा मुके करणे हा दुसरा अन्याय ठरेल. आमची तुलना माणसाची झाडाशी नाही; ती मोजणाऱ्याची मोजणाऱ्याशी आहे.

आणि मोजणाऱ्यांत आपण सारेच आलो. आज पॅफियोपीडिलमच्या सर्व रानटी जातींना आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. १९८९ साली झालेला हा निर्णय १९९० पासून लागू झाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही स्लिपर ऑर्किडांना संरक्षित वनस्पतींच्या छोट्या यादीत स्थान दिले आहे. तरी ड्रुराय अतिसंकटग्रस्त आहे, आणि तिला त्या स्थितीला नेण्यात तिचे सौंदर्य पुन्हा सापडल्याचा वाटा मोठा आहे. घरात स्लिपर ऑर्किड वाढवू इच्छिणाऱ्याने ती रोपवाटिकेत बीजापासून वाढवलेलीच घ्यावी, हे सांगण्यास कायद्याची गरज पडू नये. त्यापुढची गोष्ट कायदा सांगत नाही: चिठ्ठीवरील अंश वाचताना ते कोणत्या डोंगराच्या, कोणत्या महिन्याच्या रात्रीचे आहेत, हे शोधावे. आपल्या खिडकीतील रात्र तशी आहे का, हे प्रामाणिकपणे पाहावे. नसेल, तर झाड न आणणे हीसुद्धा एक प्रकारची जोपासनाच आहे. नंदुरबारच्या उन्हाळ्यात इन्सिग्ने जगवण्यासाठी खटाटोप करण्यापेक्षा सातपुड्याच्या मोहावर वाढणाऱ्या वांडाचा मोह उभा राहील असे काही करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

एकोणिसाव्या शतकातील माळ्यांना हे कळायला तीस-चाळीस वर्षे आणि लाखो झाडे लागली. त्यांनी निदान झरोका उघडला. पर्यायी वनाच्या हिशोबाला अजून तसा झरोका नाही. वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की शब्दाचा अर्थ त्याच्या संदर्भात असतो. ‘वन’, ‘घर’, ‘पुनर्वसन’ आणि ‘ऊब’ हे शब्दही त्याला अपवाद नाहीत. संदर्भ पाण्याखाली गेल्यावर ते कागदावर जसेच्या तसे उरतात, एवढेच.